कोठी उघडत नाही

४ मार्च, मंगळवार

सहा वाजता टीव्ही लावला. फोटो आले नाहीत. काळ्या पडद्यावर एकच ओळ – साठा सापडत नाही.

काल लाइनच्या कामासाठी दुपारी चार ते रात्री आठ वीज बंद होती, फोटोंची वेळ चुकली. आधी कळवलं होतं. वीज आल्यावर फ्रिज लागला, पंखा लागला, पॅसेजमधल्या कपाटात कोठीचा हिरवा दिवाही लागला. म्हणून मी तिकडे पाहिलं नाही.

कोठी म्हणजे हिने जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीत जमवलेलं यंत्र. आत दोन हार्ड डिस्क. बावीस वर्षांचे फोटो, व्हिडिओ, घरचे कागद, सगळं त्यात. तिला स्वतःचा पडदा नाही, कीबोर्ड नाही. घरच्या नेटला जोडलेली आहे, तिथून टीव्हीवर सगळं दिसतं. संध्याकाळी सहा ते सात फोटो एकामागून एक फिरायचे. ही व्यवस्थाही हिचीच. ही हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होती. कागद हरवणं म्हणजे हिला पाप.

ही जाऊन आज त्रेचाळीस दिवस. रोज सहाला टीव्हीसमोर बसतो. आजही सातपर्यंत बसलो, काळ्या पडद्यासमोर. मग उठून गॅलरीतले कपडे काढले.

५ मार्च, बुधवार

मुलीला फोन केला. आपण होऊन केलेला बहुधा पहिलाच. आजवर तिचा फोन आला की मी उचलायचो, 'थांब, आईला देतो' म्हणायचो आणि द्यायचो. आता द्यायला कोणी नाही. रविवारी बोलणं होतं. जेवलात का? हो. तू? हो. चला मग.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. कोठी उघडत नाही."

 मग म्हणाली, "दिवा लागतोय?" लागतोय. "आतला पंखा फिरतोय?" फिरतोय. मी म्हटलं, दुकानात नेऊन दाखवतो. "दुकानात नको. ते लोक आधी सगळं पुसतात आणि मग काय झालं होतं ते विचारतात. आपणच बघू."

हिच्या हाताखाली मुलगीही तयार झालेली आहे. लहानपणापासून दोघी त्या पेटीत डोकं घालून बसायच्या. मी चहा नेऊन द्यायचो.

फोन – सहा मिनिटे.

६ मार्च, गुरुवार

तिने सांगितल्याप्रमाणे टीव्हीची केबल सरळ कोठीला लावली. कीबोर्ड माळ्यावर होता. कोठी बंद करून चालू केली. काळ्यावर पांढरी अक्षरं – चालू करण्याजोगं काही सापडलं नाही, योग्य डिस्क घाला आणि कोणतंही बटण दाबा.

कोणतंही बटण दाबलं. तीच ओळ पुन्हा आली. आणखी दाबलं. पडदा त्याच ओळीने भरला.

मुलगी म्हणाली, "हार्ड डिस्कमध्ये नुसता माल आहे बाबा. कोठी सुरू होते ती मागच्या छोट्या पेनड्राइव्हवरून. तो नसेल तर तिला आपण कोण हेच कळत नाही."

हे मला लगेच समजलं. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रातला जुना पंपही आधी आत थोडं पाणी भरल्याशिवाय खेचत नाही. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी शून्य.

"पेनड्राइव्ह आहे का मागे?"

"आहे. जागच्या जागी."

फोन – अकरा मिनिटे.

७ मार्च, शुक्रवार

कामावर क्लोरिनचं रीडिंग दोनदा गढूळपणाच्या रकान्यात लिहिलं. फिटर रजिस्टर बघून म्हणाला, "साहेब, आज नळाला काय सोडायचा विचार आहे?" खोडून सही केली.

८ मार्च, शनिवार

कोठी चालू होताना आतल्या मांडणीत शिरायचं असेल तर एक ठरावीक बटण दाबावं लागतं. वेळ साधारण एक सेकंद. आधी दाबलं तर ऐकत नाही, नंतर दाबलं तर उशीर. नऊ वेळा हुकलं. मुलगी फोनवर "आता... आता... गेलं" करत होती. दहाव्यांदा मी मोजायचं सोडून बटण दाबूनच धरलं. उघडलं.

निळा पडदा. कशावरून सुरू व्हायचं त्याचा क्रम. पेनड्राइव्ह यादीत दुसरा होता, पहिला केला. जतन केलं. पुन्हा तीच ओळ.

मग तो निळ्या खाचेतून काढून काळ्या खाचेत घातला. जुन्या यंत्रांना निळी खाच चालत नाही म्हणे. काळीतही तेच.

"विचित्र आहे," मुलगी म्हणाली. "पेनड्राइव्ह दिसतोय तिला. पण आत सुरू करायला काही नाही असं म्हणतेय. कोणी काढला होता का तो?"

"कोण काढणार? घरात मीच."

तिने पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फोन – चोवीस मिनिटे.

९ मार्च, रविवार

इथे तरी लिहायला हवं.

१९ फेब्रुवारीला पेन्शनच्या कार्यालयात गेलो होतो, हिच्या कागदांसाठी. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, झेरॉक्स चालत नाही, स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणा. घरी पेनड्राइव्ह शोधला. कुठे सापडेना. कोठीच्या मागे एक खोचलेला दिसला. वाटलं, रिकामा असेल, हरवू नये म्हणून हिने तिथे लावून ठेवला असेल. काढला. कोठी चालूच राहिली. दिवा हिरवा, फोटो संध्याकाळी आले. मग शंका कशी येणार?

झेरॉक्सवाल्याने तो लावला आणि म्हणाला, "काका, जागा नाही यात. पुसून घेऊ का?"

मी म्हणालो, "घ्या."

दिवसभरात मी अशा वीस ठिकाणी सही करतो. तितकाच विचार केला.

स्कॅन झाले, बाईंनी उतरवून घेतले, पेनड्राइव्ह परत दिला. घरी येऊन जिथून काढला होता तिथे नीट लावला. वस्तू घेतली की जागेवर ठेवायची. लग्नानंतर हिच्याकडून एवढी एकच गोष्ट शिकलो.

आज लॅपटॉपला लावून पाहिला. चार फायली आहेत. हिचा मृत्यूचा दाखला, पुढून आणि मागून. विवाह नोंदणी. माझं ओळखपत्र. कोठी गेले पाच दिवस जागी होताना हेच वाचते आणि म्हणते, काही सापडलं नाही.

मुलीचा रविवारचा फोन आला. जेवलात का? हो. सांगता आलं नाही.

१० मार्च, सोमवार

सांगितलं. एका दमात, कागदावर लिहून घेतलं होतं ते वाचून दाखवलं.

 मी फोन कानापासून काढून बघितला, लाइन चालू होती. मग म्हणाली, "बाबा, त्या कार्यालयात किती वेळा गेलात?"

"पाच."

"एकटे?"

"तिथे एकालाच आत सोडतात."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." हे तिरकस बोललो नाही, जे होतं ते सांगितलं. पण उच्चारल्यावर बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "नाही विचारलं. खरंय."

मग तिने समजावलं. कोठी एकदा सुरू झाली की सगळं डोक्यात घेऊन चालते, पेनड्राइव्ह काढला तरी तिला फरक पडत नाही. वीज गेली तेव्हा डोकं रिकामं झालं. म्हणजे बारा दिवस ती तशीच चालत होती, आणि मी रोज समोर बसून फोटो बघत होतो.

"फोटो गेले का?"

"फोटो डिस्कवर आहेत. बहुतेक. बघू. घाई नाही बाबा, रोज थोडं थोडं करू. सहाला फोन करत जा."

बहुतेक. हा शब्द रजिस्टरमध्ये चालत नाही. पाणी बहुतेक शुद्ध आहे असं लिहून बघा.

फोन – एकोणीस मिनिटे.

११ मार्च, मंगळवार

नवीन पेनड्राइव्ह आणला. दुकानातला सगळ्यात मोठा. मुलगी म्हणाली, "एवढा मोठा तिला पचत नाही. जुना, छोटा हवा." मला म्हणायचं होतं की हे काल सांगायचं. डॉक्टरच्या औषधासारखं दिवसाला एकच सांगते. पण शिकवणारी ती, शिकणारा मी.

तिच्या ऑफिसात नवी साहेबीण आली आहे, ती चहाच्या सुट्टीतही सूचना देते. हे कसं काय निघालं लक्षात नाही. सोळा मिनिटे.

१२ मार्च, बुधवार

छोटा पेनड्राइव्ह फिटरने दिला. म्हणाला, "पुसा बिनधास्त. माझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे."

"मग पुसू कसा?"

"अकरा वर्षं झाली साहेब. तिनेही बघितला नाही, मीही नाही."

घरी येऊन आधी तो व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवला. उघडून चालतो का पाहिलं. फिटर ओळखू आला नाही, केस होते. मग पेनड्राइव्ह पुसला. पुसण्यापूर्वी फिटरला फोन करून पुन्हा विचारलं. "काय साहेब," म्हणाला, "तुम्ही तर माझ्या सासऱ्यापेक्षा जास्त चौकशी करता."

१३ मार्च, गुरुवार

लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर कोठीची प्रणाली लिहायची. बटण दाबलं की आकडा चढतो. सत्तेचाळीसवर थांबला. मुलगी म्हणाली, थांबू द्या, हात लावू नका. थांबलो. फोन चालूच होता, ठेवून देणं बरं दिसलं नसतं.

"बाबा, तुम्ही आणि आई काय बोलायचात?"

"विशेष काही नाही. पाणी, गॅस, तू."

"माझ्याबद्दल काय?"

"की तुझा फोन आला होता."

"आणि?"

"आणि तू काय काय म्हणालीस. पूर्ण. ती सांगायची, मी ऐकायचो. तुझ्या दाढेचं दुखणं मला माहीत आहे. त्या जागा सोडत नसलेल्या भाडेकरूचंही."

"मला वाटायचं तुम्ही पेपर वाचत असता."

"वाचतही असायचो."

 आकडा एकदम चौऱ्याऐंशीवर गेला. मी तो मोठ्याने सांगितला. नंतर शंभरपर्यंत मी आकडे सांगत गेलो, ती हूं म्हणत गेली.

अडतीस मिनिटे.

१४ मार्च, शुक्रवार

लावला. पुन्हा तीच ओळ. मांडणीत शिरून पाहिलं – क्रमात अजून जुन्याच पेनड्राइव्हचं नाव पहिलं होतं. कोठी दाखल्याची वाट बघत बसली होती. बदललं. आता पडदाभर अक्षरं धावली आणि थांबली. म्हणजे सुरू झाली. पुढचं उद्या, मुलगी म्हणाली. मी म्हटलं आजच करू. "उद्या, बाबा. आज मला बाहेर जायचंय." आवाज घरातलाच येत होता, कुकरची शिट्टीही ऐकू आली. असो.

१५ मार्च, शनिवार

आजचं सविस्तर लिहितो.

कोठीने दोन्ही डिस्क ओळखल्या. मग विचारलं – जुना साठा जोडायचा, की नवा आखायचा? दोन चौकोन, शेजारी शेजारी, सारख्याच रंगाचे. नवा आखला तर बावीस वर्षं कोरी होतात. ज्याने हे पडदे बनवले त्याला आमच्या केंद्रात एक दिवस ठेवायला हवा. आमच्याकडे क्लोरिनच्या आणि निचऱ्याच्या व्हॉल्व्हची चक्रं दोन वेगळ्या भिंतींवर आहेत, ती उगीच नाहीत.

"डावीकडचं दाबा," मुलगी म्हणाली.

"वाचून दाखवतो. जुना साठा जोडा."

"हो, तेच."

"डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे?"

"बाबा, टीव्हीची दुसरी डावी कुठली असणार?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती हसली. चक्क हसली.  मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे? तुझ्या आईचा आवाज आहे यात. एकच आहे तो. बोट घसरलं तर संपलं."

तिचं हसू थांबलं. "चुकलं माझं. काही होणार नाही, बाबा. खरंच काही होणार नाही. दाबा."

इतक्या खात्रीने कशी बोलली ते कळलं नाही. दाबलं.

चार मिनिटं काही नाही. मग कप्पे दिसू लागले. एकामागून एक, हिने घातलेल्या नावांनी. मोजले – ३१,४०६ फोटो. आकडा दोनदा पाहिला. 

मग टीव्हीवर फोटो फिरवायची व्यवस्था पुन्हा लावली. पहिला फोटो आला तो शेगडीच्या मागच्या नंबराचा. दुरुस्तीवाल्याला पाठवायला हिने काढला असणार. कडेला हिचं अर्धं बोट आलं आहे. दहा सेकंद होता, पूर्ण पाहिला.

एक तास दोन मिनिटे.

१६ मार्च, रविवार

कोठी व्यवस्थित चालू. मुलीचा फोन आला. जेवलात का? हो. तू? हो. कोठी? चालू आहे. चला मग.

दोन मिनिटे.

१७ मार्च, सोमवार

सहा ते सात फोटो पाहिले. विचारण्यासारखं काही नव्हतं. फोन नाही.

१८ मार्च, मंगळवार

कोठीत 'नोंदी' नावाचा कप्पा सापडला. रजिस्टर दिसलं की मी वाचतोच. हिने लिहिलं आहे – सर्व साठ्याची दुसरी प्रत मुलीच्या घरी, तिनेच बसवलेल्या कोठीत. दर रविवारी सकाळी आपोआप जाते. खाली तारखा. शेवटची २ मार्च. फोटो ३१,४०६. पोचली.

म्हणजे काहीच जाणार नव्हतं. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी तिला काही बोललो नाही. उद्या सहाला फोन करणार आहे. टीव्हीवर फोटो आडवे येतात, म्हणून सांगणार.

सरळच येतात.