सिग्नेचं समुद्रातलं कॉलेज

ती. सोल्वेगताईस,

ऑर्विनचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तिथे ॲरिझोनात ऊन पडलं असेल, दारातलं झाड संत्र्यांनी लगडलं असेल आणि तू बिनबाह्यांच्या झग्यात बसून हे वाचत असशील. वाच बाई. इथे डाकोटात उणे तीस आहे, ट्रॅक्टर सुरू होत नाही, कुत्रा बाहेर पडायला तयार नाही आणि मी मजेत आहे (मजेत म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा, अजून कोणी पुरलेलं नाही, पण ते जमीन कडक आहे म्हणूनही असेल). माझी बायको गेली, आपली मार्लिस, त्याला येत्या उन्हाळ्यात वर्ष होईल. घर तसंच आहे, फक्त दुप्पट मोठं झाल्यासारखं वाटतं.

आमच्या सिग्नेची बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. नाताळ झाला की पोरगी जहाजावर शिकायला चालली आहे. अख्खं सत्र बोटीवर. तास बोटीवर, परीक्षा बोटीवर, मधूनच एखाद्या देशात उतरायचं, हिंडायचं आणि परत येऊन त्यावर निबंध लिहायचा. मी म्हटलं, अगं, आपले पणजोबा नॉर्वेहून बोटीने आले ते वाटभर ओकत आले, आणि उतरल्यावर जिथून कुठल्याही दिशेला समुद्र सारखाच लांब पडेल अशी जागा शोधून बसले. एवढ्या कष्टांनी मिळवलेली कोरडी जमीन सोडून तू पुन्हा पाण्यात चाललीस? तर म्हणते, "बाबा, त्यांना रोज खारवलेले मासे होते. आमच्याकडे सॅलड आहे." झालं. निम्म्या जगाला वळसा घालायचा आणि खायचा पाला!

तयारी म्हणशील तर विचारू नकोस. ताप-बिप येऊ नये म्हणून फार्गोला जाऊन इंजेक्शनं घ्यायची होती. मी सोबतीला गेलो. सुई तिला टोचली, आडवा मी झालो. नर्सने बिस्कीट दिलं ते मलाच. मग शेजारच्या व्हर्जिलच्या डोक्यात आलं, की पोरीला बोट लागू नये म्हणून आधीपासून सवय हवी. त्याच्या कोठारात त्याच्या लग्नातली पाण्याची गादी पडून होती (हलते म्हणून त्याची बायको तिच्यावर एक रात्रही झोपली नव्हती, तेव्हा नवीच म्हणायची). ती आम्ही माडीवर नेऊन भरली. सिग्ने त्यावर छान झोपली. दुसऱ्या दिवशी मी जरा टेकून बघायला गेलो, खिशात कुलुपाच्या किल्ल्या होत्या. पाणी जिन्यावरून खाली आलं आणि मागच्या दारापाशी जाऊन गोठलं. डाकोटात आपल्या घरात समुद्र आणि बर्फ दोन्ही असलेला मी एकटाच.

त्याहून मोठा घोळ चर्चमधल्या बायकांनी घातला. आपली ती फोनवरची प्रार्थनेची साखळी तुला ठाऊकच आहे, एकीने दुसरीला कळवायचं, दुसरीने तिसरीला. आर्डिसने पहिला फोन केला तेव्हा "सिग्ने जहाजावर शिकायला चाललीय" एवढंच होतं म्हणे. पण आपल्या गावातून जहाजावर जो गेला तो नौदलातच गेला, दुसऱ्या कशासाठी माणूस पाण्यात जातो हे कोणाला माहीत? शेवटच्या घरी पोचेपर्यंत पोरगी लढाईवर निघाली होती. आता धान्याच्या कोठीजवळच्या खांबावर तिचा मोठा फोटो लावलाय, झेंड्यासकट. तोही व्हॉलीबॉलच्या कपड्यांतला. म्हातारे सैनिक तिला बघून टोपी काढतात. ती बिचारी समजावायला गेली, तर आर्डिसने तिला छातीशी धरलं आणि म्हणाली, "सांगता येत नसेल तर सांगू नकोस हो, राजा. गुपित असतं, आम्हाला कळतं." एवढ्या मायेने केलेली चूक कोण दुरुस्त करणार? आपल्यात त्यापेक्षा लढाईवर जाणं सोपं.

असो. आता जरा बोलतो ते गंमत नाही. पाहुण्याला कॉफी विचारली की आपल्यात पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास", आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, करणारच असाल तर अर्धा कप." तिसऱ्या खेपेचंच खरं, हे आपल्या हाडात आहे. परवा जेवताना सिग्नेने विचारलं, "बाबा, मी राहू का? पुढच्या वर्षी जाईन." मी म्हटलं, "छे, छे, तू जा." काल भांडी पुसताना पुन्हा तेच. मी म्हटलं, "माझ्यासाठी कशाला उगाच?" तिने ताट पुसून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. आईच्या आजारपणात तिचं एक वर्ष असंच गेलंय, ताई. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही.

बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. ऊन लागू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विन

ता. क. पोरगी आता तिसऱ्यांदा विचारणार. मी स्वतःला ओळखतो. तोंडातून "बरं, राहणारच असशील तर" असं निघून जाईल, आणि ती हसतमुखाने बॅग रिकामी करेल. म्हणून पत्र मिळताच तिला फोन कर आणि सांग, की यंदाचा हिवाळा तू माझ्याकडे काढणार आहेस. खोटंच सांगायचं. तू काही येऊ नकोस.

आणखी एक. खरंच येऊ नकोस. रस्ते निसरडे आहेत, त्यात तुझे गुडघे. माझ्यासाठी कशाला उगाच?

ता. क. पत्र बंद करण्याआधी पुन्हा वाचलं. "येऊ नकोस" असं दोनदाच झालंय.