गाऱ्हाण्याला उत्तर

दार्सैत, मस्कत

उर्वीवैनी,

दयानंद शांत झालाय, असं मी फोनवर सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

मे महिन्यात त्याला मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं तेव्हा तो जेवतही नव्हता. पुढे सावरला. बागेत झाडांना आळी करायचा. रोज सकाळी हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा रवळनाथा, माका घराक पोचय रे म्हाराजा." आणि थांबायचा.

डॉक्टर इजिप्तच्या, भल्या बाई. गाववाला म्हणून त्यांनी मला त्याच्या खोलीत बोलावलं. माझ्यासमोरच तो गाऱ्हाणं घालून थांबला, तेव्हा त्यांनी विचारलं, "हा मध्येच थांबून कुणाचं उत्तर ऐकतो?"

आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणावं म्हणून थांबतात. पण मी टाय लावून ऑफिसातून गेलो होतो. ही माणसं आपल्याला अडाणी समजतील, याची लाज वाटली. म्हटलं, "आय डोन्ट नो, डॉक्टर." त्यांनी लिहिलं, याला आवाज ऐकू येतात. गोळ्या वाढवल्या.

आता तो बोलतच नाही. काल त्याच्याशेजारी उभं राहून मीच गाऱ्हाणं घातलं आणि थांबलो. तो भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टरांना अजून काही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी तो माझ्यासाठीच थांबला होता, वैनी. त्या खोलीत त्याच्या गावचा दुसरा कोण होता?

शनिवारी त्याला घेऊन येतोय. विमानतळावर तुम्ही माझे आभार मानाल आणि मी ते मानून घेईन. पत्र खिशातच राहील.

तुमचा म्हणवणारा,
धनंजय