कोपऱ्यातलं ताट

२० मार्च
सासुरवाडीला आलो, चार दिवसांचा पाहुणा म्हणून. लग्नानंतरची पहिलीच खेप, त्यामुळे जावयाचा थाट आहे. सकाळी अंडी, दुपारी मासे. सासरे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बोलणंही पुसट पेन्सिलीसारखं. एक गंमत कळली. जेवणघरात सगळ्यांच्या आधी कोपऱ्यात एक ताट वाढतात, बायकोच्या दिवंगत थोरल्या काकांचं. त्याला कुणी शिवायचं नाही. संध्याकाळी ते पाखरांना टाकतात. आणि ही म्हणे शिकलेली माणसं. मी कसंबसं हसू दाबलं.

५ एप्रिल
टाळेबंदी लागली आणि मी इथेच अडकलो. मासे गेले, अंडी गेली, दूधही गेलं. सासरे रांगेत उभे राहून बटाटे आणतात, तेही मोड आलेले. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह सध्या बटाट्यावर आहे.

१९ एप्रिल
आता एक वेळ भात आणि मीठ. सासूबाई सगळ्यांना एकेक डाव वाढतात, स्वतः खरवड खातात. कोपऱ्यातलं ताट मात्र शिगोशीग. मेलेल्याची चंगळ, जित्यांची उपासमार! बायकोला तसं म्हटलं तर ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "त्यांचं ताट जो खाईल, त्याच्या जागी ते येऊन बसतील." मूर्खांचा बाजार आहे नुसता.

२६ एप्रिल
दुपारी सगळे पेंगले होते. ताट चाटूनपुसून खाल्लं. गार भात, पण डोळ्यांत पाणी आलं. कुणीही आलंबिलं नाही. अडाणी लेकाचे.

२७ एप्रिल
माझ्या खुर्चीवर एक म्हातारा जेवतोय. बायको त्याला काका म्हणते, जणू तो कधी गेलाच नव्हता. मी ओरडलो. कुणी मान वर केली नाही. नाटकी घराणं! मग तिने कोपऱ्यात ताट ठेवलं — आणि माझं नाव घेऊन रडली.

४ मे
मेल्यावर भूक मरते म्हणणारे थापाडे. उलट वाढते. त्या एका ताटावर — तेवढ्यावरच आहे मी.

९ मे
तांदूळ तळाला गेलाय. म्हातारा मिटक्या मारत म्हणाला, "गेलेल्याला कशाला वाढायचं? आजपासून ते बंद करा." इतकी वर्षं फुकट गिळलं आणि आता — सासूबाईंनी तांदळाचा डबा उपडा करून दाखवला. सासरे भात चिवडत राहिले —
बायको डाव घेऊन उठली — इकडेच येतेय — थांबली —
अगं, मी इथे —
डाव परत पातेल्यात —