उभी ठेवलेली बाटली

३ मार्च
मालकीणबाईंनी आज सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं. हॉटेलात ‘वाइन प्रमुख’ अशी नवी पोस्ट निघणार. एक एप्रिलपासून. वेगळा कोट, छातीवर चांदीचा बिल्ला. उमेदवार दोन, मी आणि लंबू. म्हणजे एकच.
लंबू सहा वर्षांपूर्वी प्लेटा पुसायला आला आणि आता माझ्या बरोबरीने टेबलं सांभाळतो. उंची आहे, बाकी आनंद. मी एकोणीस वर्षं वाइन ओततोय.
संकल्प: रोज डायरी लिहायची. फक्त स्वतःसाठी. खोटं एक अक्षर नाही.

५ मार्च
बाटली पुसली. ही बाटली म्हणजे आमच्या हॉटेलची इज्जत. फ्रान्समधल्या चारशे वर्षं जुन्या द्राक्षमळ्याची लाल वाइन, वय वर्षं चाळीस. लेबलवर मळ्यातल्या मनोऱ्याचं चित्र. पूर्वी तळघरात आडवी पडून धूळ खात होती. अकरा वर्षांपूर्वी मीच तिला वर आणलं, दारासमोरच्या काचेच्या कपाटात उभी केली, मागे बल्ब लावला. शेजारी कॉफीचं मशीन असल्यामुळे ऊबही मिळते. दर आठवड्याला काढतो, पुसतो आणि खळाखळा हलवतो. तळाशी गाळ बसतो, तो मिसळायला नको?
लंबू म्हणाला, जुनी वाइन आडवी ठेवतात, उभी ठेवली की बूच सुकतं, हवा आत जाते, वाइन मरते. मी म्हटलं, आडवी ठेवायला ती काय आजारी आहे? मान हलवत टेबलं पुसायला निघून गेला. काही माणसांना वेळेवर उत्तर सुचत नाही.

८ मार्च
घरी गॅसशेजारी पेपर वाचत बसलो होतो. दूध उतू गेलं, करपलं, भांडं कोळसा झालं. ही बाल्कनीतून धावत आली. म्हणाली, समोरच्या बिल्डिंगपर्यंत वास गेला, आणि तुम्ही शेजारीच बसलेले! विचारात होतो. उद्याच्या वाइन प्रमुखाने दुधावर पहारा द्यायचा का? वर म्हणते कशी, नुसते नाकाने कांदे सोलता.
थोडी सर्दी आहे.

९ मार्च
डॉक्टर म्हणतात सर्दी नाही. नाकात बॅटरी मारून पाहिली. मग कापसाचा बोळा नाकाशी धरून विचारलं, कशाचा वास? मी म्हटलं, स्वच्छतेचा. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. मोठ्या तापानंतर काहींचा वास कायमचा जातो, तीन वर्षांपूर्वी तुम्हाला तसा ताप आला होता ना, वगैरे विचारत बसले. ड्यूटीला उशीर होत होता म्हणून उठलो.
डॉक्टर बदलायला हवा.

१० मार्च, सकाळी ६
संकल्प: नाकाचा व्यायाम. रोज पाच वस्तू डोळे मिटून हुंगायच्या. आज साबण, कॉफी, लिंबू, चामड्याचा पट्टा आणि हिची उशी. पाचच्या पाच बरोबर ओळखल्या. मांडून मीच ठेवल्या होत्या, पण तो मुद्दा वेगळा.

११ मार्च
व्यायाम नाही. घाई.

१२ मार्च
व्यायाम नाही. लिंबू हिने वापरून टाकलं.

१४ मार्च
सोन्याचा दिवस. बाटलीला गिऱ्हाईक मिळालं!
एक म्हातारे घड्याळजी. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, कोटाच्या बाह्या अजून तेलकट. त्यांच्या लग्नाला या चोवीस तारखेला चाळीस वर्षं होतात आणि बाटली त्याच वर्षाची. कधीतरी आपल्या लग्नाच्या वर्षाची वाइन पिऊ, असं त्यांनी बायकोला तेव्हा कबूल केलं होतं. आता तिचे फार दिवस राहिले नाहीत. औषधांनी जिभेची चव गेली, वासही कळत नाही. म्हणून मला विनंती केली की प्रत्येक घोट कसा आहे ते तुम्ही तिला सांगाल का, आम्हाला काही त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, माझ्या डाव्या हातचा मळ आहे. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तेलकट.
मालकीणबाई म्हणाल्या, हे टेबल नीट झालं तर बिल्ला तुमचा.

१६ मार्च
लंबूचा जळफळाट सुरू. मालकीणबाईंना सांगत होता, बाटली आधी उघडून बघू, बिघडली असेल तर त्यांना खरं सांगून त्याच वर्षाची दुसरी शोधू, अजून आठ दिवस आहेत. मी एका वाक्यात निकाल लावला. म्हटलं, आधी उघडलेली बाटली टेबलावर नेणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं. बाईंना पटलं. लंबूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

२० मार्च
वाइनचं वर्णन पाठ केलं. जुन्या कॅटलॉगमध्ये तयारच आहे. ‘चामडं, सुकं अंजीर, पावसात भिजलेलं लाकूड, तंबाखूची रिकामी पेटी.’ हिला म्हणून दाखवलं. म्हणाली, ते राहू द्या, आधी शर्ट बदला, तीन दिवस तोच घालताय. हिला बारीकसारीक गोष्टींतच रस.

२४ मार्च, संध्याकाळचं टेबल संपल्यावर
झालं! लिहिताना अजून छाती फुगलेली आहे.
बुचाचा भुगा झाला. जुन्या बुचांचं असं होतं. गाळून घेतली. रंग विटकरी, भारदस्त. रिवाजाप्रमाणे पहिला घोट मी घेतला. जिभेला आंबट लागली, म्हणजे अजून तरुण आहे. नाकाला काही विशेष जाणवलं नाही, कारण उंची वाइन कधी आरडाओरडा करत नाही. मान हलवून म्हटलं, उत्तम. त्याच वेळी पलीकडच्या टेबलावरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. काही लोकांना हॉटेलात कसं बसावं हेही कळत नाही.
घड्याळजींनी घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मी वाकून हळूच सांगितलं की साध्या माणसाला पहिल्यांदा असंच होतं, अशा वाइनला जीभही तशीच लागते. गाढवाला गुळाची चव काय, हे मनात म्हटलं. बायकोने त्यांना विचारलं, कशी आहे हो? ते म्हणाले, फार छान.
मग मी सुरू झालो. चामडं, अंजीर, भिजलेलं लाकूड. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. हातात नुसती हाडं, पण ग्लास घट्ट धरलेला. अंजीर पुन्हा एकदा सांगा म्हणाल्या. मी तीन वेळा सांगितलं. त्यांनी दोन घोट घेतले, बाकी त्यांचा ग्लास घड्याळजींनी संपवला. मग बाटलीही संपवली, थेंबही ठेवला नाही. लंबू मध्येच दुसरी बाटली घेऊन पुढे यायला निघाला होता, त्यांनीच हाताने त्याला थांबवलं. निघण्यापूर्वी बराच वेळ बाथरूममध्ये होते. इतकी आवडली!

२५ मार्च
मालकीणबाईंकडून सगळ्यांसमोर शाबासकी. घरी आरशासमोर छातीला चमचा लावून पाहिला. बिल्ला डाव्या बाजूला जास्त शोभेल.

२९ मार्च, दुपार
घड्याळजी आले होते, एकटेच. बायको परवा गेली.
मालकीणबाईंच्या केबिनमध्ये मलाही बोलावलं. तक्रार अशी केलीच नाही. म्हणाले, शेवटपर्यंत ती अंजिराचं बोलत होती, त्याबद्दल उपकार मानायला आलो. मग म्हणाले, वाइनचं व्हिनेगर झालं होतं, मी तिच्यासाठी प्यायलो. तुमच्या माणसाचा त्या रात्री राग आला होता, आता नाही. वर्षभर चव गेलेल्या बाईसमोर बसून जेवलोय, घास तोंडात गेल्यावर तसा चेहरा कसा दिसतो ते मला कळतं. याला वास येत नाही हो. ओरडू नका याला.
मी मोठ्याने हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.
म्हातारा दुःखाने भ्रमिष्ट झाला आहे.

३० मार्च
मालकीणबाईंनी तीन ग्लास समोर ठेवले. म्हणाल्या, प्यायचं नाही, हुंगून सांगा. तिन्हींत लालसर काहीतरी. ही असली परीक्षा, एकोणीस वर्षांनंतर! पहिला ग्लास साधारण. दुसरा बरा. तिसरा उचलला आणि खात्रीच पटली. म्हटलं, खानदानी माल, सुकं अंजीर, भिजलेलं लाकूड. ओठाला लावणार तेवढ्यात लंबूने हातातून हिसकावला.
फर्निचरचं पॉलिश होतं. लाकडाचं मी बरोबरच सांगितलं होतं.
बिल्ला लंबूला. मालकीणबाई म्हणाल्या, तुमचं काय करायचं ते परवा सांगते. जिन्यात बसलो. भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी.

३१ मार्च
हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, तीन वर्षांपासून माहीत आहे. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले असते तर तुम्ही दिवसभर घरी बसला असता.
मला रडू आलं. तिने उठून माझा शर्ट हुंगला, काढायला लावला आणि धुवायला टाकला.

१ एप्रिल
नोकरी गेली नाही. नवी पोस्ट मिळाली. कोट नाही, एप्रन आहे. हॉटेलच्या मागच्या आवारात कचऱ्याचे मोठे डबे आणि तुंबलेलं गटार आहे, त्यांची संपूर्ण देखरेख माझ्याकडे. त्या कामावर आजवर आठवड्याच्या वर कुणी टिकलेलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही टिकाल.
दिवसभर तिथेच होतो. डबाही तिथेच बसून खाल्ला. काहीच त्रास झाला नाही.