खुर्चीतले काका

४ जानेवारी
संकल्प : यंदा ऑफिसच्या नाटकात हीरो मीच! गेल्या वर्षी नुसती दारामागची टकटक होतो. ही म्हणाली, दार बरं वाजवलंत. बस्स झालं आता.

६ जानेवारी
थोर नाटककाराचं एक पडलेलं नाटक शोधून काढलं. कुणीच वाचलेलं नाही, म्हणजे माझ्याशी वाद घालणार कोण? दोष आहेत, नाही असं नाही. दुसरा अंक रबरासारखा ताणलाय. नायिका पहिल्या अंकात चहा करायला आत जाते ती शेवटपर्यंत बाहेरच येत नाही. पण हीरोचे संवाद! अंगावर काटा येतो. माझ्यासाठीच लिहिलेत.

११ जानेवारी, दुपारी
मीटिंग. नाटक बसवणारे हेडक्लार्क म्हणाले, यातले काका तिन्ही अंक प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीत बसतात, चकार शब्द बोलत नाहीत, हा शुद्ध वेडेपणा. मी उसळलोच. म्हटलं, साहेब, तोच तर नाटकाचा प्राण! न बोलता स्टेज भरून टाकणं म्हणजे खायचं काम नाही. हीरो काय, कुणीही सोम्यागोम्या करेल. नाटक पास!

१२ जानेवारी
हीरो : कॅशियर. काका : मी. एकमताने. म्हणे, ते खायचं काम नाही, तुमच्याशिवाय कोण करणार!

२५ जानेवारी
तालीम. पाठीतून दुःख दाखवलं. हेडक्लार्क म्हणाले, खाजवू नका.

३ फेब्रुवारी
कॅशियरची तक्रार, मी ऐन त्याच्या डायलॉगवर खोकतो. खोकणारच! काका म्हातारे आहेत.

१० फेब्रुवारी, सकाळी
आज प्रयोग. पोस्टरवर सगळ्यांची नावं, पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा. माझं नाही. ठरलं, जाणार नाही! काकांशिवाय नाटक कसं उभं राहतं तेच बघतो. येतील झक मारत पाय धरायला.

संध्याकाळी
थिएटरसमोरच्या हॉटेलात बसलोय. फोन टेबलावर, आवाज फुल्ल. तिसरी घंटा झाली. आता येईलच फोन.
तिसरा चहा. आतून टाळ्या ऐकू येतायत. कसल्या?

११ फेब्रुवारी
काल ही घरी आली ती डोळे पुसतच. म्हणाली, अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा शोभलात! काय बसला होतात! एकदाही खोकला नाहीत. मी म्हटलं, मेहनत लागते.
आज ऑफिसात कळलं, खुर्चीवर कोट आणि टोपी अडकवून प्रयोग केला.
कोट कॅशियरचा होता.