शालूचा खरा चेहरा

प्रिय पेंटरकाका,

तुम्ही गेलात; काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शालू आली होती, म्हणून लिहितोय. नाहीतर तुमच्यावरचा राग मी जन्मभर जपला असता.

शालू ऑर्केस्ट्रात गायची, पण बोर्डावर तुम्ही गाणारीचा चेहरा कधी काढत नव्हता. ती जिची नक्कल करते त्या हिरोईनचा काढायचात, नावाआधी ‘ज्युनिअर’ लावून. “लोक शालूले पाहाले नाही येत बाप्पा, हिरोईनले येतात,” म्हणायचात.

कॉलेज सोडल्यावर मी तुमच्या दुकानातल्या बाकावर बसून राहायचो. एकदा शालू दुकानात आली तेव्हा तिच्यादेखत विचारलंत, “गौतम, बोर्ड पाहून राह्यला का बोर्डवाली?” ती केवढी हसली होती.

मग मानोऱ्याच्या स्टँडवर अचानक तिचा खरा चेहरा लागला. थकलेले डोळे, नाकावरचा तीळ, खाली ठळक अक्षरांत ‘शालू’. पोरं त्या बोर्डापुढे उभी राहून सेल्फी काढत होती. जऊळक्याहून आलेल्या तिच्या भावानंही तो पाहिला. घरी तिनं अकोल्याच्या दवाखान्यात काम करते म्हणून सांगितलं होतं. त्यानं तिला घरी नेलं आणि लगेच लग्न लावून दिलं.

मी येऊन तुमचे रंगाचे डबे लाथाडले. “तुमच्या कुचीनं तिचं वाटोळं झालं!” तुम्ही एवढंच म्हणालात, “चुकलं असन बाबू माहं,” आणि सांडलेला रंग चिंधीनं पुसत बसलात. पुढे तुम्ही रस्त्यात दिसलात की मी गाडी दामटायचो. तुम्ही आजारी पडलात तेव्हाही आलो नाही.

काल काकूंजवळ बसलेली शालू मला म्हणाली, “काकाले मीच म्हटलं होतं. दुसरीच्या नावानं लय गायलं, एक डाव माहं तोंड लावा. घरी समजन हे मले मालूम होतं. ते तर नाहीच म्हणत होते.”

“मंग मले काहून नाही सांगितलं त्यायनं?”

“तू माह्या घरी येऊन भांडला असता. मीच सांगू नका म्हटलं.”

“आता पस्तावा वाटते का?”

“गाणं सुटलं त्याचा वाटते. बोर्डाचा नाही.”

काका, माझ्या शिव्या मुकाट्यानं का ऐकून घेतल्यात? एक शब्द बोलला असतात तर? मी खरंच तिच्या घरी गेलो असतो, हे मलाही कळतं. पण आजारपणात तरी निरोप धाडायचा होता. तेव्हा मी कुणाशी भांडलो असतो?

काकूंनी आतून तो बोर्ड आणला. जुन्या पत्र्यावर पांढरा हात मारून त्यावरच नवं चित्र काढणारे तुम्ही, हा एकच पत्रा तसाच ठेवलात. शालूनं पदरानं धूळ पुसली. “तीळ जरा मोठाच काढला काकानं,” म्हणाली आणि पाहतच राहिली. सासरी तो नेता येत नाही. मी म्हणालो, मी नेतो.

“तुह्या घरी नको,” ती म्हणाली.

तर काका, बोर्ड काकूंकडेच राहील. त्यावर कुणालाही पांढरा हात मारू देणार नाही. तिला तो निवांत पाहता यावा म्हणून काकूंनी बोलावल्याशिवाय मी तुमच्या गल्लीत फिरकणार नाही. काकूंना सांगून ठेवलंय, ती आली होती हेही मला कळवू नका.

तुमच्या बाकावरचा,
गौतम