दारापासून मारलेलं पॉलिश

दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून ठेवतेय. बाबा घरात नाहीत. मी त्यांना शोधायला कालव्याकडे निघालेय.

मी औषधं आणायला गेले होते, तासाभरासाठीच. तेवढ्यात त्यांनी पुढच्या खोलीच्या लाकडी जमिनीला पॉलिशचा हात मारलाय, या महिन्यातला तिसरा. काम नेहमीसारखंच चोख. पण दादा, सुरुवात दारापासून केलीय! जन्मभर लोकांच्या जमिनी पॉलिश केलेला माणूस. आतल्या कोपऱ्यातून सुरू करा नि दाराशी संपवा, नाहीतर अडकून बसाल, असं आपल्याला किती वेळा बजावायचे! मी आले तेव्हा पॉलिश ओलं होतं, त्यावर एकही पाऊल नव्हतं आणि समोरची खिडकी सताड उघडी. खाली झाडांत ब्रश पडलाय. तळमजला आहे म्हणून निभावलं, पण चपला इथेच आहेत.

सकाळी मला म्हणाले, "बाई, तुमचं काम आज उरकून टाकतो." मी हसण्यावारी नेलं. मला गिऱ्हाईक समजून बोलत होते, हे आता कळतंय.

तू घरीच थांब, दार उघडं ठेव. ओल्या पॉलिशवरून खिडकीपर्यंत धावले ती मीच. बाबा परत आले की आधी त्या पावलांवरूनच तोंड सोडतील. सोडू देत, तू मध्ये पडू नकोस. नीट ऐक फक्त. माझ्या लाडक्या नावाने, "चिंगे" म्हणून ओरडले, तर मला लगेच फोन कर.